अकलूजच्या मळ्यात, घोटघोट

आम्ही कन्हानची माणसे. फोड जिभेवर ठेवून संत्र्याचा बगीचा ओळखणारी. तीच जीभ घेऊन सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळच्या फ्रातेल्लीच्या द्राक्षमळ्यात गेलो. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी २००७ साली हा मळा उभा केला.

चाखण्याचा क्रम ठरलेला: आधी पांढरी वाइन, मग तांबडी. शेनँ ब्लाँ आंबटसर, सांजोव्हेसे किंचित तुरट. तांबडा रंग रसाचा नव्हे, सालीचा! घोट तोंडात घोळवून थुंकून टाकण्याचीही मुभा असते, हे कळताच सौ.च्या कपाळावरची आठी मावळली. तिनेही एक घोट घेतला आणि हळूच म्हणाली, “जांभळासारखं लागतं हो!”