न दिसणाऱ्या किरणांची राखण

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटावर क्ष-किरण छायाचित्रांचे एखादे मोठे पाकीट पडलेले असते. ते हाताळताना कुणाच्या मनात शंका येत नाही. परंतु घरातील कुणाला किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्यावयाचा आहे, असे डॉक्टरांनी म्हणताच त्याच घरात कुजबुज सुरू होते. एका गोष्टीविषयी पूर्ण बेफिकिरी आणि तिच्याच कुळातील दुसऱ्या गोष्टीविषयी पराकोटीची धास्ती, अशी आपली अवस्था असते. या दोहोंच्या मधल्या जागेत माझ्या आयुष्याची बरीच वर्षे गेली.

वैद्यकीय भौतिकशास्त्र हा माझा व्यवसाय. नोकरी मुंबईत झाली. तेथे असताना एका व्यावसायिक संघटनेच्या 'समस्थानिके आणि प्रारण' विभागाचे सचिवपद मी काही वर्षे सांभाळले. निवृत्तीनंतर माधवनगरला परतले, तेव्हा येथील मंडळींनी मला एकच प्रश्न वारंवार विचारला : "अशा विभागात तुम्ही करता तरी काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तराशी आपल्या कुटुंबाच्या आरोग्याचाही संबंध आहे.

एका छपराखाली

समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याची भावंडे. रासायनिक स्वभाव सारखा, वजन मात्र निराळे. त्यांतील काही अस्थिर असतात आणि स्थिर होईपर्यंत किरण बाहेर टाकत राहतात. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली आणि अशी समस्थानिके देशातच तयार करण्याचा मार्ग खुला झाला. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले आणि त्यांचा वैद्यकीय उपयोग वाढू लागला. पुढे या क्षेत्रातील माणसांच्या संघटनाही आल्या. 'इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शन' ही संस्था १९६८ ची. अमेरिकन न्यूक्लिअर सोसायटीमध्येही समस्थानिके व प्रारण यांना वाहिलेला स्वतंत्र विभाग आहे.

अशा विभागाचे वैशिष्ट्य असे, की एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारी माणसे तेथे एकत्र येतात. थायरॉइडच्या तपासणीसाठी टेक्नेशियम वापरणारे डॉक्टर, इरिडियमच्या साहाय्याने नळांच्या वेल्डिंगची छायाचित्रे घेणारे तंत्रज्ञ, धरणातून पाणी कोठे झिरपते याचा माग काढणारे जलशास्त्रज्ञ, कांदा-मसाल्यांवर किरणांची प्रक्रिया करणारे अभियंते. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तास, इरिडियमचे सुमारे चौऱ्याहत्तर दिवस, कोबाल्टचे पाच वर्षांहून थोडे अधिक. कामे निराळी, स्रोत निराळे. सावधगिरीची सूत्रे मात्र तीनच : जवळ थोडा वेळ थांबा, अंतर राखा, मध्ये आडोसा ठेवा. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, एवढे एक गणित पाठ असले तरी पुष्कळ काम होते.

परवाने देणे, तपासणी करणे, प्रसंगी काम थांबवणे हे अधिकार १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहेत. आमच्या हाती अधिकार कोणताच नव्हता. वर्गणी गोळा करावी, व्याख्याने ठेवावीत, प्रशिक्षणवर्ग भरवावेत, इतिवृत्त लिहावे, एवढेच. प्रारंभी मला हे काम रुक्ष वाटे. त्यामागचा अर्थ हळूहळू उलगडत गेला.

खुंटीवरचा बिल्ला

किरणांच्या सान्निध्यात काम करणारी माणसे छातीवर एक छोटा बिल्ला लावतात. त्याला टीएलडी बिल्ला म्हणतात. त्यातील चकत्या अंगावर पडलेली मात्रा साठवून ठेवतात आणि साधारणतः दर तीन महिन्यांनी ती प्रयोगशाळेत मोजली जाते. आपल्या देशात अशा कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्ट ही मर्यादा आहे.

एका रुग्णालयातील बिल्ल्याची नोंद एकदा भलतीच मोठी आली. चौकशीअंती कळले, की तो बिल्ला माणसाच्या अंगावर नव्हताच. तो क्ष-किरणांच्या खोलीतच एका खुंटीवर लटकत होता. दुसऱ्या ठिकाणी नोंद सतत शून्याजवळ येई, कारण तरुण तंत्रज्ञ बिल्ला टेबलाच्या खणात ठेवून काम करी. कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, आकडा वाढला तर मला कामावरून काढतील."

त्या वाक्याने आमच्या विभागाची एक संपूर्ण बैठक व्यापली. दोष यंत्राचा नव्हता आणि अज्ञानाचाही नव्हता. पोटाची भीती होती. आकडा वाढला तर शिक्षा नव्हे, चौकशी आणि कामात बदल व्हावयास हवा, हे त्या मुलाला कुणीतरी आधी सांगावयास हवे होते. पुढील प्रत्येक वर्गाची सुरुवात आम्ही याच विषयाने केली.

वेल्डिंगची छायाचित्रे घेणारी मुले तर आमच्या सभांना येतच नसत. त्यांचे काम बहुधा रात्री, साइटवर, कंत्राटदाराच्या हाताखाली. तेथे प्रत्येक छायाचित्रानंतर मापक हाती घेऊन, स्रोत आपल्या जाड पेटीत परतला आहे याची खात्री करावी लागते. घाई झाली आणि स्रोत नळीतच अडकून राहिला, तर डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही. म्हणून पंचतारांकित सभागृहातील चर्चासत्राचा खर्च कमी करून आम्ही रविवारी त्यांच्या वस्तीजवळच्या शाळेत वर्ग घेऊ लागलो, तेही मराठीत आणि हिंदीत. काही ज्येष्ठ सदस्यांना ते विभागाच्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटले नाही. मला मात्र आजही वाटते, की विभागाचे सर्वांत मोलाचे काम त्या शाळेच्या बाकांवर झाले.

निष्काळजीपणाचे मोल काय असते, हे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात दिसले. एका विद्यापीठात वर्षानुवर्षे वापराविना पडलेले यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. ते फोडणाऱ्यांपैकी एकाचा मृत्यू झाला आणि इतर काहींना गंभीर इजा झाल्या. यंत्र आणणारी माणसे निवृत्त झाली की यंत्राच्या पोटात काय आहे, याची आठवणही त्यांच्याबरोबर निघून जाते. ती आठवण जिवंत ठेवणे, हा त्या रुक्ष नोंदवह्यांचा आणि इतिवृत्तांचा अर्थ.

भीतीने दुरावलेले घर

निष्काळजीपणा जसा घात करतो, तशी अवास्तव भीतीही करते. माधवनगरला आल्यावर शेजारच्या घरातील एका सूनबाईंना थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन देण्यात आले. रुग्णालयाने घरी सोडताना इंग्रजीत एक कागद दिला होता. तो कुणी नीट वाचला नाही. दोन महिने उलटले, तरी त्यांचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे आणि तीन वर्षांचे मूल आजीच्या कुशीत. आई दाराआडून लेकराकडे पाही आणि लेकरू आईकडे जाण्यासाठी रडे.

आजी निष्ठुर नव्हत्या. नातवाच्या काळजीने त्यांची झोप उडाली होती. मी त्यांच्यापुढे चौसष्ट शेंगदाणे मांडले. "आजी, या आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. आठ दिवसांनी निम्मे उचला. आणखी आठ दिवसांनी उरलेल्यातले निम्मे." अठ्ठेचाळीस दिवस झाले, तेव्हा एकच दाणा उरला. शिवाय शरीर लघवीवाटे बराचसा भाग पहिल्या काही दिवसांतच बाहेर टाकते, हेही सांगितले. मग तो कागद आम्ही मराठीत वाचून काढला आणि फोनवर डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. पाळावयाचे दिवस केव्हाच संपले होते. त्या रात्री मूल आईजवळ झोपले.

सचिव असताना रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी मराठी पत्रक काढण्याचा ठराव मी मांडला होता, तेव्हा "हे आपले काम नव्हे" असा आक्षेप आला होता. ठराव थोड्या मतांनी संमत झाला. त्या दोन पानांचे महत्त्व मला त्या दाराशी उभे राहिल्यावर पुरते कळले.

आपल्या घरासाठी

वाचकहो, आपण पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

यंत्रातून बाहेरून किरणोपचार घेतलेल्या रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. त्याला जवळ घ्या, त्याच्या पंक्तीला बसा. किरणोत्सारी औषध पोटात वा शिरेतून दिले असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर राखा. विशेषतः लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यापासून. किती दिवस, हे लिहून मागा आणि ते आपल्या भाषेत समजावून घ्या. दिवस संपले की अंतरही संपवा.

स्त्रियांनी गर्भधारणेची शक्यता असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास तपासणीपूर्वीच सांगावे.

छातीच्या एका क्ष-किरण छायाचित्राची मात्रा एक दशांश मिलीसीव्हर्टहूनही कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनची आठ-दहाच्या आसपास जाऊ शकते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट मिळतातच. म्हणून गरज असेल तर सीटी स्कॅन टाळू नका, परंतु "आधीचा अहवाल चालेल का?" असे अवश्य विचारा. जुने अहवाल जपून ठेवण्याचे खरे कारण हेच.

आपला सांगली परिसर हळदीचा. "किरण मारलेला मसाला खाल्ला तर अंगात किरण जातात का?" असे येथे मला अनेकदा विचारतात. नाही. क्ष-किरणांखाली धरलेला हात जसा किरणोत्सारी होत नाही, तसाच मसालाही होत नाही. वाशीला मसाल्यांसाठी आणि लासलगावला कांद्यासाठी अशी प्रक्रियाकेंद्रे उभारलेली आहेत. प्रक्रिया केलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर तशी खूण असते; ती पाहून घ्यावी.

आणि भंगारात, कारखान्यात वा जुन्या प्रयोगशाळेत पिवळ्या पाटीवरचे तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले, तर वस्तूला हात लावू नका. दूर व्हा, इतरांना दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा.

किरण ओळखण्यासाठी निसर्गाने आपल्याला कोणतेही ज्ञानेंद्रिय दिलेले नाही. ती उणीव माणसांनी एकमेकांना सांगून, विचारून आणि लिहून ठेवूनच भरून काढावी लागते. आमचा विभाग सभा आणि वर्ग भरवून तेच करीत आला. डॉक्टरांसमोर बसून आपण निःसंकोचपणे एक प्रश्न विचारता, तेव्हा आपणही त्याच कामाला हातभार लावता.