गाळाचा वास

पुराचं पाणी घरातनं गेलं तरी वास जात नाही, हे आमच्या शिरोळ तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली आणि आम्ही जनावरं घेऊन जयसिंगपुरात पाहुण्यांकडं गेलो. परत आल्यावर आई महिनाभर गाळ काढत होती. ट्रंकेच्या बिजागऱ्या, देव्हाऱ्याचा खण, कपाटाच्या मागची फट. "पाणी जातंय निघून, गाळ कोपरा धरून बसतोय," असं म्हणत ती केसातल्या आकड्यानं फटी कोरायची.

गोठ्याजवळ आमची जुनी ओम्नी टपापर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर मला दम निघेना. ट्रॅक्टरची बॅटरी लावली आणि किल्ली फिरवली. एकदा घरघर झाली, दुसऱ्यांदा आतनं खट्ट आवाज आला आणि सगळं संपलं.

फिटरनं कपाळाला हात लावला. "किल्ली कशाला फिरवलीस लेका? सिलिंडरात पाणी हुतं. हवा दाबती, पाणी दाबतंय व्हय? आतला रॉड वाकला की."

विमा नुसता थर्ड पार्टीचा, त्यातनं काय मिळणार? पुढं पंधरा दिवसांत एक व्यापारी बुडालेल्या गाड्या गोळा करत गावात आला. "धुऊन-पुसून लांब लावतो तिकडं," म्हणाला. २२ हजार मोजले. आम्ही पुढं काही विचारलं नाही. पैसे नडीला आले होते.

२०२१ उजाडेपर्यंत आप्पांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातनं दोनदा मिरज. दर वेळी कुणाची गाडी मागणार? घरी यायला रात्र व्हायची, माणूस पार गळून गेलेला असायचा. डिसेंबरात जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडं २०१६ ची डिझेल गाडी पाहिली. ३ लाख १० हजार. तशाच गाड्या बाकीच्यांकडं ४० हजारांनी महाग होत्या. रंग चकाचक, आत नवं कार्पेट, इंजिन एका सेल्फमध्ये चालू. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. आता वाटतं, पाच वर्षांच्या गाडीत कोरं कार्पेट बघून आनंद व्हायला नको होता, शंका यायला पाहिजे होती. २० हजार इसार दिला आणि आप्पांना दाखवायला म्हणून एक दिवसाकरता गाडी घरी आणली.

आई मागच्या सीटवर बसली. काचा बंद, एसी चालू, पुढं सेंटची डबी. गावाची कमान यायच्या आत ती म्हणाली, "काचा खाली कर. ह्या गाडीत पूर आलाय."

"आई, सेंटचा वास हाय त्यो."

"सेंटाच्या खालचा सांगतीया मी."

मला राग आला. खरं म्हणजे भीती वाटली. तसाच फिटरकडं गेलो. त्यानं आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. पुराची गाडी असली तर खालच्या, गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहते. इथं पट्टा स्वच्छ होता. मी आईकडं बघितलं. पण फिटर खाली वाकून पट्ट्याच्या टोकाचं लेबल वाचत होता.

"गाडी सोळाची आणि पट्टा एकवीसचा. बाकीचं बी तसंच हैत. सगळं पट्टं एकदम कोण बदलतंय?"

मग तो थांबलाच नाही. सीटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे होते, म्हणजे सीटा कुणीतरी काढून परत बसवल्या होत्या. वरनं काळा रंग मारलेला, पण सीटच्या खालनं हात घातला तर बोटाला गंज लागला. फ्यूज उपसले, त्यांच्या पायांवर हिरवी बुरशी चढलेली. स्टेपनीखालचा खड्डा मात्र धुतलेल्या ताटासारखा.

तोवर आईनं केसातला आकडा काढून सीटच्या रुळाच्या कोपऱ्यात घातला होता. एक वाळकी खपली निघाली. तिनं ती थुंकी लावून बोटात चोळली.

"ह्यो आपला न्हाई. आपला गाळ काळा. ह्यो तांबूस हाय."

मी गाडीच्या नंबराकडं बघितलं. एमएच ०८. रत्नागिरी पासिंग. २२ जुलैला वाशिष्ठी चिपळुणात शिरली होती. त्याच आठवड्यात आमच्याकडंही पाणी चढत होतं. आम्ही आमचं सामान माळ्यावर टाकत होतो, चिपळूणचं नुसतं कानावर आलं होतं.

फिटर म्हणाला, "आज पळंल ही. पण वायरिंग आतनं कुजत जाणार. एखाद्या रात्री रस्त्यात बंद पडंल. एअरबॅग लागंल तवा उघडंल ह्याची गॅरंटी मी देणार न्हाई." आप्पा बाजूला खुर्चीत बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

गाडी परत करायला आईही आली. व्यापारी हात झटकत म्हणाला, "आम्हाला काय ठाऊक? आम्हीबी लिलावातनंच घेतलीया." पूर्ण नुकसान धरून विमा कंपनीनं पैसे दिले की गाडी अशी लिलावात जाते आणि दुरुस्त होऊन रस्त्यावर येते. नंबरावरनं जुन्या क्लेमची चौकशी करता येते, सर्व्हिस सेंटरचं रेकॉर्ड मागता येतं. मला हे इसार दिल्यावर कळलं. २० पैकी १५ हजार परत मिळाले.

एसटीत आई बराच वेळ गप्प होती. उदगाव मागं पडल्यावर म्हणाली, "त्या चिपळूणवाल्याचं घर कुठवर बुडलं असंल?" आणि थोड्या वेळानं, "आपली ओम्नी कुणी घेतली असंल रं?"

"भंगारात गेली असंल."

"भंगारवाला २२ हजार देतोय व्हय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

फेब्रुवारीत इचलकरंजीतल्या ओळखीच्या माणसाकडनं गाडी घेतली. क्लेमची चौकशी केली, फिटरला नेलं, पट्टे ओढून लेबलं वाचली. पैसे द्यायच्या आधी आई काचा बंद करून दहा मिनिटं आत एकटी बसली. विकणारा माणूस माझ्याकडं बघत होता. मी त्याला चहा सांगितला.