‘आय सितियो?’ : जागा आहे का?

उत्तर स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थनगरीकडे जाणारी पायवाट शतकानुशतके यात्रेकरूंच्या पावलांनी मळलेली आहे. फ्रान्सच्या हद्दीतून निघून पिरेनीज पर्वत ओलांडणारा तिचा सर्वांत प्रसिद्ध मार्ग सुमारे 780 किलोमीटरचा आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालून गावात शिरणारा यात्रेकरू ‘अल्बेर्गे’च्या, म्हणजे तिथल्या धर्मशाळेच्या दारात पहिला प्रश्न विचारतो तो हाच : ‘आय सितियो?’ जागा आहे का?

‘आय सितियो’ एवढेच उत्तर मिळाले की पाठीवरचे ओझे उतरते. या वाक्याची एक खूण लक्षात घेण्यासारखी आहे. ‘आय’ या क्रियापदाला कर्ता नाही. जागा कोणाची, ती कोण देतो, याचा त्यात उल्लेखच नाही. देणाऱ्याचा मोठेपणा नाही की घेणाऱ्याची लाचारी नाही. मराठीतले ‘जागा आहे’ हे उत्तरही याच जातीचे.

आत दुमजली खाटांची रांग असते. अनोळखी स्त्री-पुरुष, तरुण आणि वृद्ध एकाच दालनात झोपतात. खाटेकडे बोट दाखवून विचारायचे ते ‘एस्ता लिब्रे?’ असे. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत. एक स्वभाव सांगते, दुसरे तात्पुरती अवस्था. ‘मनुष्य स्वतंत्र आहे’ म्हणताना ‘एस लिब्रे’ आणि ‘खाट मोकळी आहे’ म्हणताना ‘एस्ता लिब्रे’. ‘लिब्रे’ तोच, क्रियापद मात्र बदलते. खाटेचे मोकळेपण आजपुरते असते, हे भाषाच सांगून टाकते.

व्यवस्थाही तसेच सांगते. या मार्गाच्या अखेरच्या टप्प्यात येणाऱ्या गालिसिया प्रांताच्या शासनाने 1993 पासून यात्रेकरूंसाठी सार्वजनिक अल्बेर्गेंचे जाळे उभारले. तिथे आगाऊ नोंदणी होत नाही. जो आधी येईल त्याला आधी खाट, आणि आजारपणासारखे कारण नसेल तर मुक्काम एकाच रात्रीचा. पायी चालणाऱ्याला सायकलवरून येणाऱ्याच्या आधी प्राधान्य मिळते. ‘क्रेदेन्सियाल’ या यात्रापत्रिकेवर शिक्का घेऊन आत जायचे आणि सकाळी खाट मोकळी करून पुढची वाट धरायची.

या न्याय्य वाटणाऱ्या नियमातच एक पेच आहे. 2024 साली सांतियागोच्या यात्रेकरू-कार्यालयात जवळजवळ 5 लाख यात्रेकरूंची नोंद झाली. प्रमाणपत्रासाठी अखेरचे 100 किलोमीटर पायी चालणे पुरेसे असल्याने त्या टप्प्यात दाटी होते. खाट मिळावी म्हणून काही जण पहाटेच्या अंधारातच निघतात. जो हळू चालतो, ज्याचे गुडघे दुखतात, तो दुपारी उशिरा पोहोचतो, तेव्हा दारावर ‘कोम्प्लेतो’ म्हणजे ‘भरले’ अशी पाटी दिसते. धडधाकटाला खाट आणि थकलेल्याला पुढच्या गावची वाट! खाजगी अल्बेर्गे आगाऊ नोंदणी घेतात. पण त्यामुळे वाटेत थांबण्याची मोकळीक जाते.

या पेचावर वेगळे उत्तर ला रियोखा प्रांतातील ग्रान्योन या लहानशा गावात सापडते. तिथल्या चर्चला लागून असलेल्या अल्बेर्गेत खाटा नाहीत; जमिनीवर गाद्या अंथरतात. खाटा मोजून ठेवलेल्या असतात, जमिनीवर मात्र थोडे सरकले की आणखी एकाची सोय होते. शुल्क ठरलेले नाही. दानपेटी उघडी असते : जमेल ते ठेवावे, गरज असेल ते घ्यावे. ना पावती, ना वही, ना देणाऱ्याच्या नावाची पाटी. हिशेबात मुरलेल्या व्यापाऱ्याला हा व्यवहार बुडीत वाटेल. पण तो वर्षानुवर्षे चालत आला आहे, कारण कालचा प्रवासी उद्याच्या अनोळखी प्रवाशासाठी ठेवून जातो.

जागा किती आहे हे खाटांच्या संख्येवर ठरतेच; पण आधी आलेले किती सरकायला तयार आहेत, यावरही ते तितकेच अवलंबून असते.