रुमालातला बगळा

१९७२ च्या दुष्काळात, पाथर्डी तालुक्यातील आमच्या कोरडवाहू गावी, तांब्यापितळेची भांडी मोडीत घालण्यासाठी आजोबांनी घरातील शिसवी पेटी उघडली, तेव्हा तिच्या तळाशी तांबड्या खारव्याच्या रुमालात बांधलेला एक जीर्ण कागद निघाला. भांडी गेली, कागद मात्र आजोबांनी जसा होता तसा पुन्हा बांधून ठेवला. त्यांस तो वाचता येत नव्हता. वाचू शकणारे त्यांचे वडील निवर्तून फार वर्षे लोटली होती. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि मला त्या काळ्याभोर अक्षरांपेक्षा कागदाच्या अखेरीस नावांपुढे काढलेल्या चिमुकल्या आकृत्यांचेच कुतूहल अधिक वाटले. त्यांतील एक आकृती, लांब मानेची व वाकड्या चोचीची, मी मनाशी बगळा ठरवून टाकली. ओढ्याला टिपूस पाणी नसलेल्या त्या वर्षी आमच्या घरी कागदावर तरी बगळा उतरला आहे, या कल्पनेचा मला केवढा आनंद झाला होता!

पुढे १९८० साली मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात दाखल झालो. तेथे दोन वर्षे मातीचे थर मोजले, पिकांचे रोग पाठ केले, अवजारांच्या तासाला लाकडी नांगराचे रुमणे, हाळीस व फाळ नावानिशी वहीत काढले. परंतु मातीच्या सामूपेक्षा, ही माती आपल्याआधी कोणी कसली, कोणत्या बोलीवर कसली आणि सारा कोणास भरला, हेच प्रश्न माझ्या मनात घोळू लागले. तेथून मी नगरच्या महाविद्यालयात संस्कृत घेऊन पदवीधर झालो, आणि तेवढ्यानेही मन स्थिरावेना म्हणून कायद्याकडे वळलो. वडील शेतकरी, त्यांनी एकदाच, न रागावता, म्हटले, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ त्यांचे ते वाक्य मी पुष्कळ वर्षे उराशी वागविले, कारण त्यास देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

उत्तराची पहिली खूण मला एका दिवाणी दाव्यात दिसली. बांधावरून चाललेल्या त्या तंट्यात पुराव्यादाखल जुने मोडी कागद दाखल झाले होते, आणि ते वाचणारा कोणीही भेटेना. अखेर एक वृद्ध, सेवानिवृत्त कारकून मिळाले. त्यांनी भिंगाखाली कागद धरला, आणि ज्या ओळींत मला नुसती वेलांटलेली शाई दिसत होती, त्यांतून माणसे बोलू लागली. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांनी मला बोरू तासायला शिकविले. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढावी आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरास अक्षर गुंफीत जावे, हे शिकविले. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. वाचणाराने अर्थाच्या बळावर शब्द तोडायचे. शाळांतून मोडी हद्दपार झाल्यावर जन्मलेल्या माझ्या पिढीस हे डोळे नव्याने कमवावे लागतात. पुढे पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मी ते ज्ञान नीट पक्के करून घेतले.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडत गेली. या कागदांतील शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरताच बदलतो, म्हणून त्यास मृगसाल म्हणतात. पेरणीच्या तोंडाशी वर्ष का उजाडावे, हे मला कोणी समजावून द्यावे लागले नाही. जिराईत, मोटस्थळ, पाटस्थळ हे शब्द मी राहुरीच्या शिवारात पाहिले होते. महजर, करीना, कतबा या वाद-निवाड्यांच्या कागदांतील युक्तिवाद वकिलीच्या अभ्यासाने उलगडत होता, तर त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’ने पाटील, कुळकर्णी व बलुतेदार यांची मांडणी आधीच डोळ्यांपुढे उभी केली होती. एकट्या पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कागद बांधलेले सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीवाचकांची वाण किती आहे हे गावोगावी जाणवले. मी मात्र त्याआधी कितीतरी वर्षे, वकिली सोडून, या कामात आकंठ बुडालो होतो, आणि आजही सकाळी नवा रुमाल सोडताना माझे हात किंचित थरथरतात.

घरचा रुमाल मी हात पुरता बसल्यावरच सोडला. तो महजर होता, शेजारच्या गावाशी शिवेच्या ओढ्यावरून झालेल्या वादाचा. ‘सन सलास मयातैन व अलफ’: तीन, दोनशे आणि हजार, म्हणजे १२०३; त्यात ५९९ मिळविता इसवी सन १८०२-०३. नगरचा किल्ला १२ ऑगस्ट १८०३ रोजी शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला, त्याच्या थोडे आधी आमची माणसे ओढ्याच्या कोणत्या काठावर शिव आहे, याची साक्ष देत बसली होती. खाली साक्षीदार होते: कुळकर्ण्याची दौत-लेखणी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, आणि आमच्या मूळ पुरुषाच्या नावापुढे, माझ्या बगळ्याला लागून, तीन शब्द: ‘निशाणी नांगराची असे’. लांब मान ही हाळीस होती, वाकडी चोच हा फाळ. राहुरीच्या वहीत हीच आकृती मी स्वतःच्या हाताने काढली होती.

आजोबा तोवर राहिले नव्हते. मी तो कागद वडिलांस ओसरीवर वाचून दाखविला. त्यांनी सर्व मुकाट्याने ऐकून घेतले, मग चष्मा पुसून त्या निशाणीवरून अंगठा हळूच फिरविला आणि म्हणाले, ‘हाळीस लई लांब काढलीय गड्यानं.’