तटबंदी आणि रसद

क्षयाच्या जंतूचं आवरण म्हणजे किल्ल्याची तटबंदी, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. दिघ्यात टीबी हा नुसता पुस्तकातला धडा नसतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत राबणाऱ्यांची घरं इथे एकमेकांना चिकटून उभी, काहींना धड खिडकीही नाही. तटबंदीची गोष्ट मुलांना चटकन कळायची. मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असा चिवट, की थुंकीच्या स्लाइडवर चढलेला लाल रंग आम्लानेही उतरत नाही. आयसोनियाझिड हे औषध हा थर बनू देत नाही, इथॅम्ब्युटॉल त्याखालची शर्करांची जाळी विणू देत नाही. तट पाडा, शत्रू संपला. यातलं काही खोटं नाही.

पण एवढा घट्ट तट असेल, तर आतला जंतू खातो कसा? या प्रश्नाचा मी शोध घेतला आणि माझं मत फिरलं.

अनेक जंतूंच्या बाह्यपटलात अन्न आत घेणारी पोरिन नावाची छिद्रं असतात. क्षयाच्या जंतूत ती नेहमीची छिद्रं सापडत नव्हती. १९९८ मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला, तेव्हा सुमारे दहावा हिस्सा ‘पीई’ आणि ‘पीपीई’ प्रथिनांवर खर्च झालेला दिसला. ती प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी असावीत, असा तर्क होता. २०२० मध्ये ‘सायन्स’मधल्या संशोधनाने त्यांतल्या पीपीई५१चं काम दाखवलं: ग्लुकोज आणि ग्लिसरॉल आत घेणं. ते बिघडलं की त्या अन्नावर जंतू वाढेना.

खरी गंमत पुढेच आहे. आवरणातला पीडीआयएम हा मेणासारखा पदार्थ नसेल, तर हे प्रथिन नसतानाही अन्न आत झिरपतं. प्रयोगशाळेत वाढवलेले काही वाण तो गमावूनही बसतात. शरीरात मात्र त्याच्याशिवाय जंतूचा निभाव लागत नाही. म्हणजे तट पक्का केला की रसद अडते, रसद मोकळी केली की तट ढिला पडतो.

आपल्या पेशींत हा जंतू आपलंच कोलेस्टेरॉल खातो. त्यातून तयार होणारं प्रोपिओनेट साचलं तर त्यालाच विषारी ठरतं. ते तो पीडीआयएम बनवण्यात खपवतो. खाल्ल्या अन्नाच्या उष्ट्यातून तट उभा राहतो! तट वेगळा आणि पचन वेगळं, हे मला आता पटत नाही. आवरणाचा धडा मी पचनाला जोडूनच शिकवतो.

रसद तोडणारं औषध निघावं, असं मला फार वाटतं. पण साखरेची वाट बंद केली तरी चरबीची उघडी राहते, तेव्हा एकाच दारावर भिस्त ठेवता येणार नाही. तोवर आहेत त्या गोळ्या पूर्ण मुदत घ्या. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं, दोन्ही मोफत आहेत.