खुपसायचं हत्यार

मेटल डिटेक्टर घेणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष मशीनकडे असतं. किती खोलवर कळतं, सोनं आणि डब्याचं झाकण वेगळं ओळखतं का, बॅटरी किती वेळ चालते, सगळी चौकशी होते. पण मशीन वाजल्यावर खणायचं कशानं, हे कुणी विचारत नाही. घरात खुरपं असतंच आणि नसलं तर सब्बल आहेच, असं सगळे धरून चालतात. नागपूरच्या काळ्या जमिनीत हा हिशेब एक दुपारसुद्धा टिकत नाही.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं त्याखाली गडप होतात. ती हुडकायला आम्ही मशीन फिरवायचो, त्यामुळे त्या आवाजाला माझा कान सरावला होता. निवृत्तीनंतर हौस म्हणून स्वतःचं एक साधं मशीन घेतलं आणि बातमी नातेवाइकांत फिरली. मग फोन सुरू झाले. कुणाचं डोरलं निंदताना वावरात पडलेलं, कुणाची अंगठी संत्र्याच्या आळ्यात गेलेली, कुणाची ट्रॅक्टरची पिन तासात हरवलेली. शोधायचं ते ज्याचं त्याच्याच शेतात आणि त्याला सोबत घेऊनच, एवढा एक दंडक मी पहिल्यापासून ठेवला.

या कामाची खरी अडचण माती आहे. नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्व काठावर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि शहराच्या पूर्वेला गेलात की खडकच बदलतो. पश्चिमेकडे, काटोल-कळमेश्वरच्या बाजूला, याच बेसाल्टची झिजून झालेली काळी माती आहे. तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे खाली काही नसतानाही मशीन कुरकुरतं. आवाज आला म्हणून दरवेळी खणत बसलात तर संध्याकाळपर्यंत शेतात नुसते खड्डे दिसतील. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दोन भेगांमधलं ढेकूळ कुदळीलाही दाद देत नाही. पावसाळ्यात हीच माती हत्याराला अशी धरते, की खणण्यापेक्षा पातं खरवडण्यात जास्त वेळ जातो. दोन्हींच्या मध्ये वाफसा असतो, ते चार दिवस या कामाचे. पण हरवलेली अंगठी वाफशाची वाट पाहत थांबत नाही आणि ती जिची असते तीही थांबत नाही.

पहिलं हत्यार मी ऑनलाइन मागवलं होतं. दिसायला देखणं. एका कडेला करवतीसारखे दात, मुठीला रबर, पात्यावर इंचांच्या खुणा. भुसभुशीत मातीच्या देशात ते उत्तम चालत असेल. आमच्याकडे पहिल्याच उन्हाळ्यात ते मानेत वाकलं. मान म्हणजे जिथे पातं दांड्याला मिळतं ती जागा. खणायचं कुठलंही हत्यार जातं ते तिथेच. धार बोथट झाली तर पाजवता येते, मान गेली की हत्यार भंगारात.

मग इतवारीत गेलो. नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इतवारीत एकेका मालाची एकेक ओळ आहे. सोन्याचांदीची सराफा ओळ, लोखंडाची लोहा ओळ. लोहा ओळीत पावडी, टिकास, कुदळी, सब्बली, घमेली, सगळं वजनावर आणि हवं तेवढं मिळतं. पण तो सगळा माल शेतकऱ्याच्या आणि बांधकामाच्या कामाचा, आणि त्यातली बहुतेक हत्यारं घाव घालायची. कुदळ आणि टिकास डोक्यावरून येतात. जमिनीत वीतभर खाली पातळ सोन्याची अंगठी असेल तर टिकासाचा एक घाव तिचे दोन तुकडे करतो. सब्बल सरळ खाली जाते, पण ती जाते तिथे बोटभर भोकच पडतं. माती वर येत नाही. पावडं माती उचलतं, मात्र त्याचं रुंद पातं कठीण जमिनीत शिरत नाही. दुकानात उभ्याउभ्या माझ्या मनात पक्कं झालं, की मला घाव घालणारं हत्यार नकोच, पायाने रेटून खुपसता येईल असं हवं. पातं अरुंद, मधे खोलगट, पाय ठेवायला खांदा आणि कंबरेपर्यंत येणारा दांडा. तसलं तयार काही तिथे नव्हतं. दुकानदाराने सरळ सांगितलं, "हे बनवूनच घ्या काकाजी."

उमरेड रोडकडच्या एका गावात लोहाराचं छप्पर आहे. भाता आता विजेच्या पंख्यावर चालतो, ऐरण मात्र त्याच्या आजोबांची आहे. मी कागदावर काढून नेलेलं चित्र त्याने नीट पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "जमीन कोणती? काळी का मुरमाड?" दोन्ही, म्हटलं; वर काळी, फूटभर खाली मुरूम. तो उठला आणि कोपऱ्यातल्या भंगारातून ट्रकच्या कमानीची एक पट्टी ओढून काढली. शेजारी साध्या लोखंडाचीही पट्टी होती. दोन्ही त्याने आळीपाळीने ग्राइंडरला लावून दाखवल्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघांनी उडाल्या. कमानीच्या ठिणग्यांना टोकाला फाटे फुटले, लहान लहान चांदण्या झाल्या. "हे पोलाद. हे वाकन नाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, पाइपचा दांडा वेल्डिंग करून टाक. त्याने मान हलवली. "कमानीले वेल्डिंग मारली का तथूनच तुटते, काकाजी. रिबीट मारतो." कारण विचारल्यावर त्याने आपल्या भाषेत सांगितलं, की वेल्डिंगच्या आचेने पोलाद तेवढ्याच जागी कडक होतं आणि कडक झालेलं तडकतं. लोखंडावर काम केलेल्या कुणीही इंजिनिअरने हेच सांगितलं असतं, फक्त जास्त वेळ घेऊन. त्याने पात्याची शेपटी लांब काढली, पाइप चिरून ती आत बसवली आणि दोन जाड रिबिटी आरपार मारून डोकी चेपली. मानेला वळसा देणारी एक लोखंडी कडी वरून तापवून चढवली. थंड होताना ती आवळून बसली.

नंतरचं काम मी टक लावून पाहिलं. पात्याचं टोक लाल होईपर्यंत तापवून त्याने ते जळक्या इंजिन ऑइलमध्ये बुडवलं. पाण्यात का नाही? पाण्यात कमानीला चीर जाते, म्हणाला. तेलाचा धूर निवल्यावर टोकाची एक बाजू दगडाने घासून चकचकीत केली आणि पातं पुन्हा मंद आचेवर मागच्या अंगाने धरलं. घासलेल्या जागेवर रंग चढू लागले. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. निळा यायच्या आत त्याने पातं ओढून घेतलं. पिवळ्यावर थांबला असता तर धार कडक राहिली असती पण दगड लागताच टवका उडाला असता. फार पुढे गेला असता तर पोलाद मऊ पडलं असतं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, नुसत्या नजरेने. त्याने करवतीचे दात काढून देऊ का विचारलं. मी नको म्हटलं. कारण पुढे येतं.

काटोलच्या बाजूला एका बागेत आळं खणताना तिथल्या वहिनींची अंगठी पडली होती. संत्र्याच्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभरातच पसरलेली असतात. तिथे दातांच्या पात्याने करवतलं की मुळं चिंध्या होतात, आणि जखमेतून बुरशी शिरून डिंक्या रोगाला वाट मिळते. अंगठी मिळाली आणि झाड गेलं, तर बागवाला पुन्हा दारात उभं करणार नाही. म्हणून दात नकोत. धारदार सपाट कडेने तीन बाजूंनी चिरायचं, चौथी बाजू तशीच ठेवून मातीची खापरी पुस्तकाच्या पानाप्रमाणे उलटायची, खाली मशीन फिरवायचं, मिळालं तर घ्यायचं आणि खापरी परत दाबून पाणी घालायचं. ठिबकच्या नळ्या आधीच बाजूला करून घ्याव्यात. आणखी एक, हत्यार लोखंडाचं असल्याने मशीनच्या थाळीजवळ ठेवलंत तर मशीन त्यालाच ओरडत राहतं. चार पावलं दूर रोवून ठेवावं.

त्या आळ्यांत पहिल्यांदा काय काय निघालं? फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची सिलं, एक नट, तारेचे तुकडे. पातळ ॲल्युमिनियम आणि सोन्याची अंगठी यांचा आवाज मशीनवर जवळजवळ सारखाच येतो. सिलं टाळायची म्हणून तो आवाज सोडून दिला तर अंगठीही सुटते. प्रत्येक सील खणावंच लागतं. म्हणून तर हत्यार हलकं आणि झटपट चालणारं हवं. अंगठी चौथ्या ओळीच्या टोकाला, वीतभर खाली मिळाली. वहिनींनी ती पदराला पुसून बोटात घातली आणि चहा ठेवायला गेल्या.

मला मात्र मानेवरची ती कडी आठवत राहिली, कारण तिचं नातं फार जुनं आहे. नागपूरच्या भोवती माहुरझरी, टाकळघाट, जुनापाणी अशी शिळावर्तुळांची, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांची, ठिकाणं आहेत. अशा वर्तुळांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे लगाम सापडलेत. काही कुऱ्हाडींना दांडा पक्का करण्यासाठी एकमेकींवरून फिरवलेल्या लोखंडी पट्ट्या आहेत. पेंच नदीकाठच्या नायकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच निघाली. म्हणजे अडीच हजार वर्षांहून अधिक काळ या भागातला लोहार मानेच्याच चिंतेत आहे. टाकळघाटच्या वर्तुळांपायी एक जीवही गेलाय. तिथून परतताना ४ सप्टेंबर १८६३ ला बोरीच्या ओढ्याला आलेल्या पुरात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप वाहून गेले. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, तेच.

या ठिकाणांची नावं वाचून कुणाच्या डोळ्यांत चमक आली असेल, तर त्याच्याशीच बोलायचं आहे. मला येणाऱ्या फोनांत एक जात अशी असते: आवाज खाली, आधी इकडच्या तिकडच्या गप्पा, मग "आमच्या वाड्यात काहीतरी आहे म्हणतात." गुप्तधन. विदर्भात या वेडापायी काय काय अघोरी झालंय ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला माहीत आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं उगीच घातलेली नाहीत. आणि या भागातला सर्वांत मोठा धातूचा साठा कुणाला सापडला? १८७० मध्ये, आज बालाघाट जिल्ह्यात असलेल्या गुंगेरियाला, गुरं चारणाऱ्या पोरांना. ना मशीन, ना मांत्रिक. तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे. त्या ढिगात तांब्याच्या कुऱ्हाडीच कुऱ्हाडी होत्या.

कायदा सरळ आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहाचा आकडा तेव्हाचाच राहिलाय, त्यामुळे आज जवळजवळ काहीही त्यात बसतं. जुनापाणीसारख्या संरक्षित जागी मशीन घेऊन जाऊच नये. तिच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामालाही मनाई आहे. जुन्या वस्तूचं मोल ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती यात असतं. माझ्या हत्याराने ती दोन मिनिटांत वर येईल, पण तिच्याबद्दल कळण्यासारखं बरंचसं त्या दोन मिनिटांत पुसलं जाईल.

तेव्हा आपल्याच शेतात काही हरवलं असेल, तर पुढची वखरणी व्हायच्या आत फोन करा. वखराची पास फिरली की वस्तू सरकते, आणि शोधायची जागा एका आळ्यावरून अख्ख्या वावरावर जाते. आणि खणताना मातीची भांडी, मणी, जुनी नाणी किंवा गंजलेलं हत्यार दिसलं, तर हात थांबवा, आहे तिथेच फोटो काढा आणि तलाठ्यामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.