अकिहाबारात च आणि ट शोधताना

टोकियोला जाऊन फुजी पर्वत न पाहता परतलेला माणूस आपल्याकडे थट्टेचा विषय होतो. मी तो झालो आहे. फुजी ढगांत दडून बसला होता. माझा भाचा म्हणाला, "मामा, पाऊस आहे, तर आज अकिहाबाराला जाऊ. तुमच्या त्या यंत्राचं एकदाचं काय ते ठरवून टाका."

यंत्राचे हे प्रकरण दोन पावसाळ्यांपूर्वीचे. माझी आत्ती माण तालुक्यातल्या आमच्या गावी असते. वय ८४. जात्यावरच्या ओव्या तिच्यापाशी किती आहेत याचा अंत मला लागलेला नाही. सुट्टीत जातो, तिच्याजवळ बसतो आणि लिहून घेतो. फाट्यावर उतरून गावापर्यंत ३ किलोमीटर चालावे लागते. त्या वाटेत परतताना पावसाने गाठले. माणसारख्या दुष्काळी मुलखात पावसाने गाठावे, हे आमचे नशीब! शबनम भिजली आणि शाईने लिहिलेल्या वहीची ६५ पाने निळी झाली. पुन्हा विचारले तेव्हा काही ओव्या तिला आठवल्या. काही गेल्या त्या गेल्याच. फोन पुढे धरावा तर ती पदर सारखा करून गप्प बसते. "त्ये लावू नगंस बाबा, माझं ध्यान तिकडंच जातं." घरचा लॅपटॉप दोन किलोंचा. म्हणून खिशात मावेल असा छोटा संगणक घ्यावा, हे माझ्या मनाने घेतले होते.

भाचा निशिकासाईला राहतो. तिथे आपली माणसे इतकी आहेत की वाण्याच्या दुकानात तूरडाळ मिळते. तिथून तोझाई मार्गाची गाडी, कायाबाचोला बदल, मग हिबिया मार्गाने अकिहाबारा.

या पेठेचे नाव मोठे गमतीचे आहे. १८६९ साली इथे मोठी आग लागली. पुढे जागा मोकळी ठेवून अग्निनिवारणाचे एक देऊळ बांधले. लोकांनी ते अकिबा या देवाचे मानले आणि पटांगणाला त्याचे नाव पडले. महायुद्धानंतर इथल्या रस्त्यांवर रेडिओचे सुटे भाग विकणारे बसू लागले. १९४९ मध्ये रस्त्यावरची दुकाने उठवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ती रेल्वेच्या पुलाखाली गेली. त्यांतली काही अजून तिथेच आहेत. कपाटाएवढे दुकान, आत एक म्हातारा, आणि त्याच्याभोवती शेकडो खण. डोक्यावरून गाडी गेली की सगळे खण किणकिणतात. भाच्याने दंड धरून बाहेर काढले नसते, तर मी संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहिलो असतो.

जुन्या यंत्रांचे दुकान एका अरुंद जिन्यावर होते. काचेच्या पेटीत एचपी २००एलएक्स मांडला होता. १९९४ चा हा ठेंगणा संगणक दोन पेन्सिल सेलांवर चालतो आणि भरतो ३१२ ग्रॅम. शेजारी पोमेरा. हा २००८ पासून निघणारा, केवळ लिहिण्यासाठी केलेला जपानी जिन्नस. त्याचा २०१६ चा नमुना एकदा विजेवर भरला की १८ तास चालतो असे कंपनी सांगते. मी त्यावर भाळलोच. पण त्यात देवनागरी नाही. प्रेम तिथेच आटोपले.

उरला तो २०१७ चा जीपीडी पॉकेट. सात इंचांचा पडदा, ४८० ग्रॅम वजन, आत पुरता संगणक. दुकानदाराने तो अदबीने दोन्ही हातांनी पुढे केला. भाच्याने त्यात देवनागरी बसवून दिली. मी इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकन करतो. बोटे आपोआप पडतात. पहिला शब्द लिहायला घेतला 'चटई' आणि बोटे हवेत अडखळली.

मौज अशी की, इनस्क्रिप्टमध्ये आपले च, ट, ड आणि य उजव्या कडेला येतात, इंग्रजीची विरामचिन्हे जिथे असतात त्या कळांवर. पट्टी लहान करताना यंत्र बनवणारा पहिली कात्री लावतो ती याच कळांना. कोणी आक्रसलेली, कोणी भलत्याच ओळीत. इंग्रजांचा स्वल्पविराम हरवला तर वाक्य निभावते. आमचा च हरवला तर चूल पेटत नाही, आणि य गेला तर 'या, बसा' म्हणायची सोय राहत नाही. अक्षरेही मोहरीएवढी. ती मोठी करावीत तर पडद्यावर चारदोन ओव्याच मावायच्या.

"पण खिशात मावतो की!" भाचा म्हणाला. मी सदऱ्याच्या खिशात घालून पाहिला. सदरा एका खांद्यावरून खाली ओढला गेला, आणि दुकानदार सौजन्याने दुसरीकडे पाहू लागला.

भाचा स्वतः याच घराण्यातला सहा इंचांचा मायक्रोपीसी रोज जवळ बाळगतो. ४४० ग्रॅमचा. त्याला मोठमोठ्या यंत्रांच्या कपाटाशी उभे राहून पाच मिनिटे तार जोडायची असते, आणि जोडणीची जुनी खाच त्यात आहे. त्याला तो शोभतो. माझे रोजचे ओझे म्हणजे डबा, छत्री, चष्मा आणि तपासायच्या वह्या. त्यात हे अर्धा किलो महिन्यातून चार तासांसाठी कोण वागवणार? आणि घरी ठेवले तर ऐन आत्तीसमोर ते विजेअभावी डोळे मिटणार, हे माझा स्वभाव जाणणारा कोणीही सांगेल.

मी यंत्र परत दिले. दुकानदाराने माझ्यापेक्षा खोल वाकून नमस्कार केला. जिना उतरताना मला चुटपुट लागली, हे कबूल करतो. परतताना एका कागदपेन्सिलींच्या दुकानातून डझनभर शिसपेन्सिली घेतल्या. त्यांचे लिहिणे पाण्याने पसरत नाही, एवढे तरी मी त्या ६५ पानांपासून शिकलो होतो.

परवा गावी गेलो. आत्तीने विचारले, "जपानातनं काय आणलंस?" मी पेन्सिल दाखवली.

"शिसपेन?" ती पोटभर हसली. मग पाय पसरून बसत म्हणाली, "लिव्ह. कालच्या रातीला एक आठवलीया."